घनतेचं उत्तर जुळत नाही? आधी किती पटीने चुकलंय ते काढा

सूत्र बरोबर, काटा बरोबर, कॅल्क्युलेटर बरोबर, तरी घनता पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नाही. सोलापुरात ही तक्रार शाळेच्या प्रयोगशाळेत ऐकू येते, राखेच्या विटा पाडणाऱ्यांकडे, सूत रंगवणाऱ्या डाइंगमध्ये आणि साखर कारखान्याच्या लॅबमध्येही. वस्तुमान भागिले आकारमान, यात चुकण्यासारखं काही नाही असं वाटतं. म्हणून माणूस तोच प्रयोग पुन्हा करतो आणि तेच चुकीचं उत्तर पुन्हा काढतो.

पुन्हा मोजण्याआधी एक भागाकार करा. तुमचं उत्तर भागिले अपेक्षित उत्तर. हा आकडा १०, १०० किंवा १,००० च्या घरात असेल (किंवा त्यांच्या उलट, ०.१, ०.०१, ०.००१), तर मोजमापाला हात लावू नका, गडबड एककांत आहे. आकडा ४ किंवा ८ च्या घरात (किंवा उलट, पाव किंवा एक-अष्टमांश) असेल तर व्यास आणि त्रिज्या यांची अदलाबदल झाली आहे. अर्ध्याच्या आसपास असेल तर तुम्ही वस्तूची नाही, मधल्या हवेसकट ढिगाची घनता काढली आहे. पाच-पंधरा टक्क्यांचा फरक असेल तर आकारमान नीट मोजलं गेलं नाही. आणि फरक एक-दीड टक्क्याच्या आत असेल तर तापमानाकडे आणि काट्याकडे बघा. बहुतेक प्रकरणं या भागाकारावरच उलगडतात.

दहाच्या पटीतली चूक

राखेची वीट घ्या. माप २३० × ११० × ७५ मिमी, वजन ३.२ किलो. आकारमान १८,९७,५०० घनमिलिमीटर. आता याचे घनसेंटिमीटर करताना चार माणसं चार उत्तरं काढतात.

पहिला १० ने भागतो, कारण १० मिमी म्हणजे १ सेंमी. त्याला घनता ०.०१६९ मिळते. दुसऱ्याला क्षेत्रफळाचं गणित आठवतं, तो १०० ने भागतो आणि ०.१६९ वर थांबतो. तिसरा एकक बदलतच नाही, ३,२०० ग्रॅमला थेट घनमिमीने भागतो आणि ०.००१६९ च्या पुढे ग्रॅम/घनसेंमी लिहून मोकळा होतो. चौथा १,००० ने भागतो: १,८९७.५ घनसेंमी, घनता १.६९ ग्रॅम/घनसेंमी. बरोबर तो एकटाच, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बाजूंना दहाचा भाग जातो आणि १० × १० × १० म्हणजे १,०००.

हा गोंधळ मुळातून टाळायचा असेल तर घनमिमी काढूच नका. आधी प्रत्येक बाजू सेंमीमध्ये लिहा, मग गुणा: २३ × ११ × ७.५. किंवा मीटरमध्ये लिहा: ०.२३ × ०.११ × ०.०७५ = ०.००१८९७५ घनमीटर, आणि वजन किलोतच ठेवून भागा. उत्तर १,६८६ किलो/घनमीटर. लांबीचं एकक बदलताना सहसा कोणी चुकत नाही, घन एकक बदलताना चुकतात.

१.६८६ ग्रॅम/घनसेंमी, १.६८६ ग्रॅम/मिली, १.६८६ किलो/लिटर आणि १.६८६ टन/घनमीटर ही चारही एकच घनता आहे, आकडा हलत नाही. हलतो तो फक्त किलो/घनमीटर लिहिताना, तिथे १,००० ने गुणायचं. बऱ्याच वह्यांत इथे १० लाखाने गुणलेलं दिसतं, कारण १ घनमीटर म्हणजे १० लाख घनसेंमी एवढंच लक्षात राहतं, आणि ग्रॅमचे किलो करताना त्यातले तीन शून्य परत जातात हे विसरतं.

पडताळा फुकटचा आहे: पाणी. पाण्याची घनता १ ग्रॅम/घनसेंमी, म्हणजे १,००० किलो/घनमीटर. पाण्यात बुडणाऱ्या वस्तूचं उत्तर १ पेक्षा मोठं यायलाच हवं. ०.०१६९ हे उत्तर खरं असतं तर वीट थर्मोकोलसारखी तरंगली असती. उलट टोकालाही मर्यादा आहे. शिसं ११.३, पारा १३.६, सोनं १९.३. रोजच्या वापरातल्या वस्तूची घनता २३ च्या वर आली तर ते पान फाडून टाका.

कॅल्क्युलेटरची एक चूक यापेक्षा फसवी, कारण ती दहाच्या पटीत नसते. ३२०० ÷ २३ × ११ × ७.५ असं सरळ दाबलं तर मशीन फक्त २३ ने भागतं आणि बाकी दोन्ही आकड्यांनी गुणतं. पडद्यावर ११,४७८ येतं. खालच्या तिन्ही आकड्यांना कंस घाला, किंवा तिन्ही वेळा भागाकाराचंच बटण दाबा: ३२०० ÷ २३ ÷ ११ ÷ ७.५. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर दुसरी रीत सोपी पडते.

बांधकामवाल्यांसाठी वेगळी अडचण म्हणजे ब्रास. वाळू-खडी आजही ब्रासवर ठरते आणि वजनकाट्याची पावती टनात येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. १ फूट ०.३०४८ मीटर, त्याचा घन ०.०२८३, म्हणून १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. कोरड्या वाळूची ढिगाची घनता १.६ टन/घनमीटर धरली तर साधारण साडेचार टन. फूट ०.३ मीटर धरलं तर ब्रास २.७ घनमीटरचा होतो आणि साडेचार टक्क्यांहून जास्त माल हिशेबातून गळतो. आणि १०० ला नुसतं ०.३०४८ ने गुणलं तर १ ब्रास ३० घनमीटरचा होतो, म्हणजे जवळपास ४९ टन. गाडीकडे नुसतं बघूनच ते कळायला हवं.

चार पट, आठ पट

२० मिमी व्यासाचा बेअरिंगचा छर्रा साधारण ३३ ग्रॅम भरतो. व्हर्निअरवर २ सेंमी दिसतं, विद्यार्थी गोलाच्या सूत्रात त्रिज्येच्या जागी २ टाकतो, आकारमान ३३.५ घनसेंमी येतं आणि घनता ०.९८. हे उत्तर इतकं 'पाण्यासारखं' दिसतं की शंकाच येत नाही. प्रत्यक्षात ७.८५ भागिले ८ एवढंच झालेलं असतं. दंडगोलात त्रिज्येचा वर्ग असतो, म्हणून तिथे चूक चौपट: पितळी सळईची घनता ८.५ ऐवजी २.१ येते आणि वहीत "ॲल्युमिनिअम असावे" असा शेरा पडतो.

व्हर्निअर आणि स्क्रूगेज दोन्ही व्यासच देतात. मग सूत्रही व्यासाचंच वापरावं. गोल: पाय (π, ३.१४) × व्यासाचा घन ÷ ६. दंडगोल: पाय × व्यासाचा वर्ग × लांबी ÷ ४. त्रिज्येला मध्ये येऊच देऊ नका.

व्यासातली लहान चूकही गोलात तिप्पट होऊन येते. ६ मिमीचा छर्रा पट्टीवर साडेसहा वाचला तर आकारमान २७ टक्क्यांनी फुगतं आणि पोलादाची घनता ६.२ वर घसरते. इतक्या छोट्या छऱ्याला पट्टी लावूच नये. व्हर्निअर असेल तर जबडे पूर्ण मिटवून शून्यावर शून्य बसतं का ते आधी बघा. बसत नसेल तर शून्यांक त्रुटी प्रत्येक वाचनातून वजा करा.

पाच-पंधरा टक्के: इथे सगळ्यात जास्त वेळ जातो

आकारमान पाणी सारून काढायचं, ही रीत सोपी दिसते आणि सगळ्यात जास्त तीच दगा देते.

आपल्याकडचा काळा दगड घ्या, दख्खनचा बेसाल्ट. अखंड, छिद्रं नसलेल्या तुकड्याची घनता २.८ ते ३.० मध्ये यावी. ४३.५ ग्रॅमचा तुकडा १०० मिलीच्या मोजपात्रात सोडला, पाणी ६२ वरून ७७ वर गेलं. १५ घनसेंमी, घनता २.९. आता ७७ च्या जागी ७८ वाचलं तर २.७२. ७६ वाचलं तर ३.११. एका रेषेच्या चुकीने सात टक्के इकडे किंवा तिकडे. आणि या मोजपात्रात एक रेषाच १ मिलीची असते, म्हणजे दोष डोळ्यांचा कमी आणि निवडलेल्या साधनाचा जास्त.

यावर उपाय म्हणजे सारलेलं पाणी वाढवणं. मोठा दगड घ्या, किंवा एकाच दगडाचे चार-पाच तुकडे एकदम टाका आणि सगळ्यांचं वजन एकत्र करा. खिळे, नट, छर्रे यांचे तर मूठभर नग घेतल्याशिवाय मोजायला बसूच नये. सारलेलं पाणी निदान ३० मिली असेल तर एका रेषेची चूक तीन टक्क्यांच्या आसपास राहते. दुसरा मार्ग अरुंद मोजपात्राचा. तेवढंच पाणी त्यात जास्त उंच चढतं, रेषा दूर दूर असतात आणि अर्धी रेषाही वाचता येते. दगड त्यात मावला पाहिजे, एवढीच अट.

वाचताना मोजपात्र सपाट टेबलावर ठेवा आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणा. हातात उचलून डोळ्यासमोर धरलं की ते हमखास तिरकं होतं. काचेत पाण्याचा पृष्ठभाग कडेला वर चढलेला दिसतो, तिथला खालचा, मधला भाग वाचायचा. मागे काळी पट्टी असलेला पांढरा कागद धरला तर ती कड स्वच्छ दिसते. दोन्ही वाचनं एकाच रीतीने घेतली तर थोडी चूक आपोआप कटते. सुरुवातीचं वाचन उभ्याने आणि नंतरचं वाकून घेतलं तर ती वाढते.

वजन आधी, पाणी नंतर. हा क्रम उलटला की ओला दगड काट्यावर येतो आणि घनता वाढते. विटेच्या बाबतीत तर क्रम चुकला की सगळंच गेलं. चांगली वीटही आपल्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी पिते. कोरडी वीट पाण्यात बुडवून आकारमान काढायला गेलात तर जेवढं पाणी वीट पिते तेवढं पातळीत दिसत नाही, आकारमान कमी भरतं आणि घनता जास्त येते. बुडबुडे येत राहतात, पातळी खाली खाली सरकते, आणि वाचन कधी घ्यायचं हेच समजत नाही. सरळ कडांच्या विटेला पट्टीच बरी. वेडावाकडा तुकडा असेल तर कोरडं वजन करून ठेवा, मग तो एक दिवस पाण्यात भिजवा, ओल्या फडक्याने वरवर पुसा आणि नंतर आकारमान काढा.

सोलापूरच्या आसपासच्या बेसाल्टमध्येही छिद्रांचे थर सापडतात, काहींत पांढरी खनिजं भरलेली असतात. असा तुकडा २.५ किंवा त्याहून कमी घनता दाखवेल आणि ते उत्तर चूक नसेल. पुस्तकातला आकडा गाठायचा असेल तर ताज्या फोडलेल्या भरीव खडीचा तुकडा निवडा.

दगड दोऱ्याला बांधून हळू सोडा. वरून टाकला तर पाणी उडतं, आणि मोजपात्राचा तळ फुटण्याची भीती वेगळीच. खरखरीत पृष्ठभागाला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि प्रत्येक बुडबुडा आकारमानात मोजला जातो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला, फेस न करता ढवळा, दगड दोऱ्याने दोन-तीनदा हलवा. उत्सारण पात्र (बाजूला तोटी असलेलं, सारलेलं पाणी बाहेर सोडणारं भांडं) वापरत असाल तर आधी ते तोटीपर्यंत भरून थेंब थांबेपर्यंत वाट बघा. तोटीला लटकलेला शेवटचा थेंब गोळा करायचा की सोडायचा, ते दोन्ही वेळा सारखंच ठेवा.

०.१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा हाताशी असेल तर मोजपात्र बाजूला ठेवा, त्याहून चांगली रीत आहे. पाण्याने अर्धं भरलेलं चंचुपात्र (बीकर) काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. दोरा वरच्या स्टँडला बांधला तर हात थरथरण्याचा प्रश्न उरत नाही. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतात तेवढ्या वजनाचं पाणी दगडाने सारलं. मघाच्याच दगडाला काटा १५.० दाखवेल. ३५ अंशाच्या पाण्याची घनता ०.९९४, म्हणून आकारमान १५.०९ घनसेंमी आणि दगडाची घनता २.८८. मोजपात्रावर ७७ आणि ७८ मध्ये डोळे ताणण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं.

या रीतीत उत्तर नेमकं १.०० च्या जवळ आलं तर समजा दगड तळाला टेकला होता. मग काटा सारलेलं पाणी दाखवत नाही, पूर्ण दगडच तोलतो, आणि वस्तुमानाला वस्तुमानानेच भागलं जातं. लाकूड किंवा मेणबत्तीचा तुकडा नुसता तरंगत ठेवला तरी हेच होतं, कारण तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी सारते. तिला सुईने दाबून पूर्ण पाण्याखाली धरा, किंवा खाली एखादा नट बांधा आणि नटाचं वेगळं मोजलेलं आकारमान वजा करा.

सराफाकडचे दागिने याच रीतीने तपासता येतात, पण तिथे ०.०१ ग्रॅमचा काटा लागतो. २२ कॅरेटचं १० ग्रॅम सोनं जेमतेम ०.५६ मिली पाणी सारतं, ते कुठल्याही मोजपात्रावर वाचता येणार नाही. पोकळ मणी आणि लाख भरलेले दागिने कमी घनता दाखवतात आणि त्यात सोन्याचा दोष नसतो. उलट टंगस्टनची घनता सोन्याइतकीच, १९.३. तेव्हा घनता जुळली एवढ्यावर सोनं खरं ठरत नाही.

निम्मं उत्तर: ढीग आणि दाणा

एक लिटरच्या मापात मालदांडी ज्वारी भरली तर साधारण पाऊण किलो भरते. घनता ०.७५ आली, म्हणजे ज्वारी तरंगायला हवी. तीच ज्वारी पाण्यात टाकली की भरलेला दाणा तळाला जातो. दोन्ही खरं आहे. मापात दाण्यांच्या मध्ये हवा आहे, आणि ती हवा तुम्ही आकारमानात धरली आहे. दाण्याची स्वतःची घनता १.३ च्या आसपास असते. वाळूत हेच: ढीग १.५ ते १.६, कण २.६५. साखरेचा ढीग ०.८५ च्या जवळ, स्फटिक १.५९. कोणता आकडा हवा ते कामावर ठरतं. कणगी, गोदाम, ट्रॉली भरायची असेल तर ढिगाचा. पुस्तकाशी जुळवायचं असेल तर दाण्याचा.

ढिगाची घनता मोजताना मापात माल एकाच उंचीवरून ओता आणि वरून काठी फिरवून सपाट करा. माप आपटू नका. आपटलं की ज्वारी खाली बसते, वर आणखी मूठभर मावते आणि आकडा बदलतो. (धान्य मापून घेणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे.)

वाळूची खरी घनता काढायला मोजपात्रात ५० मिली पाणी घ्या आणि त्यात ५३ ग्रॅम पूर्ण कोरडी वाळू हळूहळू सोडा. काचेच्या कांडीने ढवळा, हवा निघू द्या. पातळी ७० वर आली तर २० घनसेंमी, घनता २.६५. उलट क्रमाने, म्हणजे आधी वाळू आणि वरून पाणी, असं करू नका. हवा खाली अडकते. साखर पाण्यात विरघळते, तिच्यासाठी गोडंतेल वापरा.

ओली वाळू वेगळाच खेळ करते. कणांभोवती पाण्याची पातळ साय बसते, कण एकमेकांना ढकलतात, आणि बारीक वाळू चार-सहा टक्के ओलाव्याला २५-३० टक्क्यांपर्यंत फुगते. म्हणजे ब्रासने मोजलेल्या दमट वाळूत वाळू कमी येते. पूर्ण भिजवली की ती पुन्हा खाली बसते. मापाने घेतलेल्या वाळूचा टनाशी हिशेब बसत नसेल तर गाडीवाल्यावर संशय घेण्याआधी बादलीभर वाळू उन्हात वाळवून दोन्ही मोजा. संशय त्यानंतरही घेता येतो.

टॉवेल किंवा चादर पाण्यात बुडवून सुताची घनता काढण्याचा प्रयत्न शाळेच्या प्रकल्पांत दिसतो. कापसाच्या तंतूची घनता १.५४ आहे, पण टेरीच्या लूपमध्ये अडकलेली हवा सहज निघत नाही. उत्तर १ च्याही खाली येतं. हा प्रकल्प घेऊच नये.

हायड्रोमीटरचे आकडे

द्रवाची घनता काढताना वजन-आकारमानाऐवजी बहुतेक ठिकाणी तरंगणारं मापक वापरतात, आणि तिथे चूक मोजण्यात नसते, आकडा उतरवण्यात असते. डाइंगमध्ये मर्सरायझिंगच्या (सुताला चकाकी आणण्याच्या) कॉस्टिक सोड्याला ट्वाडल डिग्री मोजतात. ४४ डिग्री ट्वाडल म्हणजे सापेक्ष घनता १.४४ नाही, ४४ ला २०० ने भागून त्यात १ मिळवायचा: १.२२. दुधाच्या लॅक्टोमीटरवर २८ दिसलं तर १,००० ने भागून त्यात १ मिळवायचा: १.०२८. ब्रिक्स तर घनता नाहीच, ते साखरेचं वजनी टक्क्यातलं प्रमाण. २० ब्रिक्सच्या रसाची घनता १.०८ च्या आसपास, १.२० नव्हे.

गरम कॉस्टिकमध्ये मापक सोडलं तर ते कमी दाखवतं. २० टक्क्यांच्या द्रावणात २० अंशांचा फरक पडला की सापेक्ष घनता सुमारे ०.०१२ ने उतरते, म्हणजे ट्वाडलवर जवळपास अडीच डिग्री. मग "माल पातळ झाला" म्हणून त्यात आणखी कॉस्टिक पडतो. नमुना स्टीलच्या उंच भांड्यात काढून मापकावर छापलेल्या तापमानापर्यंत निवू द्या. हातमोजे आणि चष्मा न विसरता.

दुधाचंही तसंच. धारोष्ण दुधात बारीक हवा असते आणि ते कोमट असतं, दोन्हींमुळे वाचन कमी येतं आणि पाणी घातल्याचा आळ येतो. काही तास थंड होऊ द्या, हलक्या हाताने सारखं करा, मग मोजा. साय काढली की घनता वाढते, पाणी घातलं की घटते. दोन्ही एकदम केलं तर लॅक्टोमीटरला काही कळत नाही, तिथे फॅट बघावंच लागतं. आणि संकलनात किलो आणि लिटर एकच धरू नका: दुधाची घनता १.०३ धरली तर १०० लिटर म्हणजे १०३ किलो.

एक-दीड टक्का आणि त्याखाली

पाण्याची घनता १ धरतो ती ४ अंशाची. २० अंशाला ०.९९८२, ३० ला ०.९९५७, ३५ ला ०.९९४०, ४० ला ०.९९२२. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चाळीस अंश सहज गाठतं. फरक पाऊण टक्क्याचा, म्हणजे शाळेच्या मोजपात्राच्या चुकीपेक्षा लहान. पण काट्याच्या रीतीने काम करत असाल तर तापमान लिहा आणि योग्य आकडा घ्या. गोडंतेल याच्या दुपटीहून जास्त बदलतं, दर अंशाला साधारण ०.०००७. तेलाच्या पिशवीवर १ लिटर आणि ९१० ग्रॅम असे दोन्ही आकडे असतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तेच तेल लिटरच्या मापात वेगळं भरतं, वजनात नाही.

काटा आणि मोजपात्र दोन्ही एकाच फटक्यात तपासायचे असतील तर कोरडं मोजपात्र काट्यावर ठेवून शून्य करा, ५० मिलीपर्यंत पाणी भरा. ३५ अंशाला ४९.७ ग्रॅम दिसायला हवेत. अर्ध्या ग्रॅमचा फरक चालतो. दोन ग्रॅमचा असेल तर दुसऱ्या काट्यावर तेच मोजपात्र ठेवून बघा: आकडा बदलला तर पहिला काटा गेला, तोच राहिला तर मोजपात्र बाद. प्लॅस्टिकची स्वस्त मोजपात्रं यात बऱ्याचदा सापडतात. काट्याखालचा बुडबुडा मध्ये आहे का, डोक्यावरचा पंखा बंद आहे का, पात्राच्या बाहेरून पाणी लागलंय का, हे तिन्ही बघायला अर्धा मिनिट लागतो. किराणा दुकानातला ५ ग्रॅमने सरकणारा काटा ४० ग्रॅमच्या वस्तूला लावलात तर पुढचं काहीच वाचवू शकत नाही.

उत्तर किती आकड्यांत लिहायचं तेही यावरूनच ठरतं. १५ घनसेंमी हे आकारमान दोन आकड्यांपुरतंच खरं आहे, म्हणून २.९ लिहा.

हे सगळं तपासूनही आकडा जुळत नसेल, आणि तीन वेळा मोजून तोच येत असेल, तर वस्तू तुम्हाला वाटते ती नसावी. चकचकीत मुलामा दिलेला "पितळी" नळ हे नेहमीचं उदाहरण. पितळ ८.४ ते ८.७ मध्ये येतं, लोखंड ७.८७, जस्त ७.१४. नळाचं मुंडकं आणि रबराचे वायसर काढा, आतली हवा पूर्ण निघेपर्यंत पाण्याखाली फिरवा आणि काट्याच्या रीतीने घनता काढा. ६.६-६.७ आली तर तो जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव नळ आहे. ६.६ च्याही बरीच खाली आली तर आत अजून हवा आहे, पुन्हा बुडवा.